प्रभाग सहाची गोळी

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास ती बाई जिना चढून आली. आत येताच तिने आधी मागे वळून दाराला कडी लावली.

निवृत्ती दाराजवळच्या स्टुलावर पेपर वाचत बसला होता. देगलूर डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लातुरात येऊन पंचशीला सोनाळे यांची गाडी चालवू लागला आणि हळूहळू त्यांच्या तपासाच्या कामातही ओढला गेला. स्वभावाने भित्रा होता आणि तसं कबूलही करायचा. कडी लागल्याचा आवाज ऐकून त्याच्या हातातला पेपर खाली आला.

"इथं कुणी पाठीमागं आलं न्हाई ना?" बाईने विचारलं.

"बसा," टेबलामागून पंचशीला म्हणाली. "मामा, पाणी द्या यांना."

पंचशीला किनवटच्या वसतिगृहात शिकलेली. नांदेडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बारा वर्षं काढून तिने लातुरात स्वतःचं कार्यालय टाकलं होतं. बोलणं मोजकं. समोरचा बोलत असताना ती त्याच्या चेहऱ्यापेक्षा हातांकडे जास्त बघायची.

या बाईने पदराचं टोक मुठीत पिळून धरलं होतं. अंगावर गडद जांभळी साडी होती, कालपासून न बदललेली.

"मी राजकन्या बिरादार. औशाच्या पुढं कासारपेठ हाय, तिथली. माझ्या मालकाला महिन्याखाली गोळ्या घातल्या."

निवृत्तीने ती बातमी वाचली होती. नगरपंचायतीच्या पाणी योजनेची माहिती मागणारा व्यंकट बिरादार. सकाळी दूध घालून येताना दोघांनी मोटारसायकलवरून येऊन त्याला मारलं. मारेकरी अजून सापडले नव्हते.

"आमचं सजग मंडळ हाय," राजकन्या सांगू लागली. "लक्ष्मणराव सरांनी काढलेलं. हे गेल्यावर लोकांना वाटलं, मंडळ बंद पडतंय. पण सरांनी मूक मोर्चा काढला. भिंतीभिंतीवर लिवलं, 'बंदुकीला मत नाही'. मग ठरलं की निवडणुकीला चार जण उभे करायचे. प्रभाग सहात मी."

"समोर कोण?"

"शेषेराव. दोनदा निवडून आलेला. अर्ज भरले आन आठ दिवसांत चौघांच्याही उंबऱ्यावर एकेक काडतूस सापडलं. संगं चिठ्ठी. 'बुधवारी तीनच्या आत.' अर्ज मागं घ्यायची मुदत आज तीनपर्यंत हाय. तिघांनी घेतले मागं. मी एकलीच राहिले."

"आणि काल?"

राजकन्येने पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. "काल सकाळी मंडळाच्या खोलीत बैठक होती. संध्याकाळची होती खरं तर, पण सोमवारी सरांचा फोन आला की सकाळी साडेदहाला या. आमी पाच जण. सर, माझे दीर अंगद, प्रेसवाला सिद्धराम, त्याची बायको गौरम्मा आन मी. खिडकी उघडी होती. अकराच्या सुमारास धाडकन आवाज झाला. सरांनी माझ्या दंडाला धरून मला खाली वढलं. मी फरशीवर पालथी. सर माझ्या अंगावर. त्यांचा चष्मा माझ्या मानेखाली आला, काडी मोडली त्याची. मग सर वर बोट करून वरडले, 'तिथं बघा, तिथं!' ह्यांच्या फोटोचं मोठं फ्लेक्स लावलंय भिंतीला. त्याला भोक. मी बसले होते तिथून टीचभर वर."

"पुढे?"

"सिद्धराम खिडकीत धावला. एक मोटारसायकल पळताना त्याला दिसली. पोलिस आले. भिंत फोडून त्यांनी गोळी काढून नेली. म्हणाले, ह्यांच्या अंगातली आन ही, एकाच मापाची दिसते. दाराशी एक शिपाईबी दिलाय."

"मग माझ्याकडे कशासाठी आलात?"

राजकन्येने पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. "बैठक सकाळी घेतल्याचं फक्त आमा पाच जणांना ठाऊक होतं. मी खिडकीसमोर बसते हेबी. मला तीन वाजायच्या आत एवढंच कळायला पायजे की मी कुणासंगं बसून राहिलेय."

पंचशीलाने घड्याळ पाहिलं. साडेनऊ होत आले होते.

"मामा, गाडी काढा."

*

औसा मागे पडलं तसा निवृत्तीचा पाय एक्सिलेटरवर हलका होत गेला. मागून मोटारसायकल आली की तो आरशात बघे. ती पुढे निघून जाईपर्यंत मान आखडून बसे. मागच्या सीटवर राजकन्या डोक्यावर पदर घेऊन खाली वाकली होती.

कासारपेठेत दुकानं उघडी होती, पण बोलणं कुठे ऐकू येत नव्हतं. चहाच्या टपरीवर माणसं पाठ भिंतीला लावून बसली होती. 'बंदुकीला मत नाही' या अक्षरांवर कुणीतरी चुना फासला होता. तरी अक्षरं खालून दिसत होती.

मंडळाची खोली सिद्धरामच्या छापखान्यावर, पहिल्या मजल्यावर. समोर आठवडी बाजाराचं मोकळं मैदान, एकही इमारत नाही. रस्त्याच्या बाजूला एकच रुंद खिडकी आणि तिच्याबाहेर अरुंद सज्जा. आत, खिडकीसमोरच्या भिंतीवर सहा फुटी फ्लेक्स होतं. व्यंकटचा हसरा फोटो, भोवती रुंद काळी किनार. खालच्या काळ्या किनारीत हरभऱ्याएवढं भोक. फ्लेक्स उचलून पाहिलं तर मागे पोलिसांनी फोडलेली भिंत.

पंचशीला भोकासमोर उभी राहिली. ते तिच्या छातीच्या जरा वर आलं.

"हे फ्लेक्स कधी लावलं?"

"रविवारी," राजकन्या म्हणाली.

"कालच्या आधी भोक पाहिलं होतं कुणी?"

"काळ्यात काळं. जवळ जाऊन बघतंय कोण?" ती थबकली. "म्हणजे, तवा नव्हतंच की ते."

पंचशीला वळून म्हणाली, "मामा, खाली जा. मोटारसायकलवाला जिथे दिसला तिथे रस्त्यावर उभे राहा आणि खिडकीकडे बघा."

"मी?"

"तुम्ही."

निवृत्ती उतरला. रस्त्याच्या मधोमध उभं राहिल्यावर त्याला वाटलं, आपल्या पाठीवर कुणीतरी बोट ठेवून राहिलंय. त्याने मान वर केली.

"काय दिसतं?" वरून आवाज आला.

"पंखा दिसतो मॅडम. पंखा आन छत."

"फ्लेक्स?"

"न्हाई."

"मी?"

"तुमचं डोकं. तेबी खिडकीला चिकटलाव म्हणून."

"मैदानात मागे जा. आणखी मागे."

तो दहा पावलं मागे गेला. तिथूनही छताच्या खालचा हातभर पट्टाच दिसला. धापा टाकत वर आला तेव्हा पंचशीला सज्जात उकिडवी बसली होती. कोपऱ्यात मातीची एक रिकामी कुंडी होती, आतून काळी पडलेली, एका बाजूने तडकलेली. कुंडीच्या काठाला हिरव्या सुतळीचे जळके धागे चिकटले होते.

"झेंड्याची सुतळी असंल," निवृत्ती म्हणाला.

"असेल," म्हणत तिने ते धागे कागदात गुंडाळले.

*

पहिल्यांदा सिद्धराम आला. बोटांना शाई, डोळे सारखे जिन्याकडे.

"तुमच्याच छापखान्यात शेषेरावांची पत्रकं छापून निघतात म्हणे?" पंचशीलाने विचारलं.

"छापतो की. न्हाई म्हणायची सोय हाय का? त्यांची माणसं दारात गाडी लावून बसत्यात."

"काल मोटारसायकलवर किती जण होते?"

"एकच. तोंडाला रुमाल. आवाज झाला आन भन्नाट पळाला."

"हातात काही?"

सिद्धरामने आठवून पाहिलं. "न्हाई दिसलं. दोन्ही हात हँडलवर होते."

"मंडळाचे झेंडे, फ्लेक्स कशाने बांधता?"

"नायलॉनच्या पांढऱ्या दोरीनं. सुतळी कुजते."

मग गौरम्मा. माहेर निलंग्याच्या पलीकडचं, बोलणं मराठी-कानडीच्या मधलं. एरवी नवऱ्यापेक्षा धीट असावी, पण आज तीही दाराला टेकून उभी होती.

"खोली मीच झाडते. आठ वाजता, रोज. काल भी झाडली."

"काल सकाळी काही वेगळं दिसलं?"

"वेगळं काय अव्वा? त्या फोटोखाली भिंतीचे पोपडे पडले होते. चुना, वाळू. म्हटलं, पाऊस न्हाई, पाणी न्हाई, ही भिंत कशाला गळायली? झाडून टाकलं."

"आणि गोळी सुटल्यावर?"

"तेव्हा काय झाडू? फरशी साफ होती. पोलिसांनी भिंत फोडली, तेव्हा मातर पुन्हा घमेलंभर निघालं."

"बैठकीत आणखी काही?"

गौरम्मा आठवू लागली. "सर बैठकीच्या आधी उदबत्ती लावतात फोटोला. काल पुडा संपला म्हणाले. लावलीच न्हाई. पण मला वास येत होता. अय्यो, म्हटलं न लावता वास कुठला? खिडकीकडून येत होता."

"सोमवारी संध्याकाळी इथे कोण होतं?"

"आम्ही खाली वरात बघत होतो. बँड, फटाके, कान फुटायची वेळ. वर कोण आलं, कोण गेलं, काय ठाव? किल्ली दोघांकडे. माझ्याकडे आन सरांकडे. माझी कधीमधी अंगदभाऊ नेतो."

निवृत्तीने हे नाव मनात पक्कं केलं. अंगद आत आला तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. तिशीचा गडी, लाल डोळे, उभ्या उभ्याच बोलणारा.

"आवाज झाला तेव्हा तुम्ही खोलीत होता?"

"जिन्यात होतो. फोन आला होता."

"कुणाचा?"

"ते कशाला पायजे तुमाला?"

"प्रभाग सहातून तुम्हाला उभं राहायचं होतं ना?"

अंगदचा चेहरा आवळला. "होय. व्हतं. भाऊ माझा मेला. मी उभं राहणार व्हतो. सर म्हणले, वहिनी. मी काय बोललो का त्याच्यावर? आता मलाबी वाटतं, तिनं मागं घ्यावं. दोन लेकरं हायती. भाऊ गेला, आता वहिनी..." तो तसाच खाली निघून गेला.

"मॅडम," निवृत्ती कुजबुजला, "ह्योच. जिन्यात हुता, किल्ली नेतो, तिकीट न्हाई मिळालं. आन फोन कुणाचा ते सांगत न्हाई."

"मामा, जिन्यात खिडकी आहे का?"

"न्हाई."

"मग?"

बिनखिडकीच्या जिन्यातून कुणी गोळी झाडणार कशी, हे निवृत्तीच्या उशिरा लक्षात आलं.

शेवटी लक्ष्मणराव सर आले. सत्तरीचे, सडपातळ, पांढरा सदरा, खांद्याला मतदार याद्या भरलेली कापडी पिशवी. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी शिकवलं होतं. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"बाई, तुम्ही आलात ते बरं झालं," ते म्हणाले. "तिला समजावा. मीच तिला उभं केलं. आता मीच सांगतोय, बस खाली. माणूस जगला तर मंडळ."

"तुम्हाला कुणी धमकावलं का, सर?"

"चौघांच्या दारात काडतुसं टाकली. मला वेगळं कशाला धमकावतील?" त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पंचशीलाने राजकन्येला आलेल्या धमकीच्या चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांच्यापुढे धरला. "हे अक्षर ओळखू येतं?"

"थांबा, चष्मा घालू द्या. त्याच्याशिवाय मला तुमचा चेहराही नुसता धुरकट दिसतो. चिठ्ठी कुठली दिसणार?" चष्मा चढवून त्यांनी मान हलवली. "नाही ओळखत."

"बरं. दीड वाजता सगळ्यांनी इथे जमा. राजकन्याताई काय ते तेव्हा ठरवतील."

ते उठले तेव्हा पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

पंचशीलाने खाली उतरून ठाण्यात फोन लावला. ती काय बोलली ते निवृत्तीला ऐकू आलं नाही. आल्यावर तिने त्याला फक्त इतकंच सांगितलं, "आत गेल्यावर तुम्ही सरांच्या उजव्या बाजूला बसा. आणि त्यांच्या हातांवर लक्ष ठेवा."

"सरांच्या? का बरं?"

"बसा म्हणाले ना."

*

दीड वाजता सगळे जमले. खिडकी गौरम्माने आधीच लावून घेतली होती, त्यामुळे खोलीत उकडत होतं. राजकन्या कालच्याच जागी, फ्लेक्सखाली बसली. सिद्धराम आणि गौरम्मा बाकावर, अंगद दाराशी. सर खुर्चीत, पिशवी मांडीवर. त्यांच्या उजवीकडे निवृत्ती.

"काल या खिडकीतून गोळी आत आलीच नाही," पंचशीला म्हणाली.

सिद्धराम उठून उभा राहिला. "मी मोटारसायकल बघितली ना!"

"बघितली. दोन्ही हात हँडलवर असलेली. बाजारात मोठा आवाज झाला की या गावात आजकाल कोण थांबतं? तो बिचारा जीव घेऊन पळाला. मामा, तुम्हाला रस्त्यावरून काय दिसलं?"

"पंखा आन छत."

"खालून झाडलेली गोळी वर चढत येते. खिडकीतून आली असती तर छतात घुसली असती. हे भोक माझ्या छातीच्या उंचीवर आहे. समोर नुसतं मैदान, कुठे गच्ची नाही, झाड नाही. लांबून पिस्तुलाचा नेम इतका नेमका लागत नाही. तेव्हा गोळी झाडणारा याच फरशीवर उभा होता."

"पाच माणसं असताना?" अंगद म्हणाला. "दिसलं नसतं?"

"दिसलं असतं. म्हणून त्याने ती कुणी नसताना झाडली. गौरम्मा, भिंतीचे पोपडे तुम्ही कधी झाडले?"

"काल सकाळी आठला." गौरम्मा सांगता सांगता थांबली. "अकराच्या आधी!"

"अकरानंतर फरशी साफ होती. राजकन्याताई याच फरशीवर पालथ्या पडल्या होत्या. कालची साडी अजून त्यांच्या अंगावर आहे. त्यावर चुन्याचा ठिपका नाही. कारण भिंत तेव्हा फुटलीच नाही. ती सोमवारी संध्याकाळी फुटली. खाली वरात चालली होती, फटाके फुटत होते, त्यात एक बार जास्त झाला. भोक काळ्या किनारीत. काळ्यात काळं. दाखवेपर्यंत ते कुणाला दिसलं नाही."

राजकन्येने वर, फ्लेक्सकडे पाहिलं. मग हळूच खुर्ची पुढे सरकवली.

"मग कालचा आवाज?" सिद्धरामने विचारलं.

पंचशीलाने कागदाची घडी उघडली. "हिरवी सुतळी. सुतळी बॉम्बची. झेंडे तुम्ही नायलॉनने बांधता. सज्जातली कुंडी आतून काळी आहे, तडकलेली आहे. बॉम्बच्या वातीला उदबत्ती जोडली की ती जळत जळत वातीपर्यंत येते. पेटवणारा तोवर अर्धा तास सगळ्यांसोबत बसून राहू शकतो. म्हणून पुडा संपला होता तरी गौरम्मांना खिडकीकडून वास आला."

निवृत्तीची नजर सरांच्या हातांवर होती. ते हात पिशवीच्या तोंडाशी गेले होते.

"संध्याकाळची बैठक सकाळी का आली? भोक जितका वेळ भिंतीवर राहील तितकी ते दिसायची भीती जास्त. बैठक लवकर घेणाऱ्याला ते माहीत होतं. त्याच्याकडे किल्ली होती. बैठकीआधी येऊन खोली उघडायचा मानही त्याचाच." पंचशीलाचा आवाज खाली आला. "तरी मी थांबले असते. वेळ बदलणं हा काही पुरावा नाही. पण राजकन्याताई, सरांनी तुम्हाला खाली ओढलं तेव्हा त्यांचा चष्मा कुठे होता?"

"माझ्या मानेखाली."

"आणि लगेच त्यांनी बोट करून भोक दाखवलं. काळ्या किनारीतलं, हरभऱ्याएवढं. ज्यांना चष्म्याशिवाय माझा चेहराही धुरकट दिसतो त्यांनी. सर, तुम्हाला ते भोक दिसलं नाही. तुम्हाला ते माहीत होतं."

अंगद दारापासून दोन पावलं पुढे आला. "सर?"

लक्ष्मणरावांचा उजवा हात पिशवीत गेला.

निवृत्तीने तो हात पाहिला आणि त्याचं अंग लाकूड झालं. एकतीस वर्षांत ब्रेकवर त्याचा पाय कधी चुकला नव्हता, पण आता काही केल्या त्याचा हात उचलेना. मतदार याद्यांचे कागद सरकले. पिस्तूल बाहेर आलं. सरांनी ते कुणावर रोखलं नाही. नळी स्वतःच्या हनुवटीकडे वळत होती.

"सर," राजकन्या म्हणाली. "खाली ठेवा."

ती खुर्चीतून उठली होती. ती त्यांच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

"माझ्या लेकरांना तुमी पाढे शिकवता सर. त्यांना मी काय सांगू? खाली ठेवा."

तेव्हा निवृत्तीचा हात हलला. त्याने सरांचं मनगट धरून हलकेच खाली दाबलं. म्हाताऱ्या मनगटात जोर उरला नव्हता. पंचशीलाने रुमालात पिस्तूल घेतलं आणि टेबलावर, सगळ्यांपासून लांब ठेवलं.

सर सांगू लागले.

"शनिवारी सकाळी फिरायला गेलो होतो. शेषेरावने गाडी थांबवली. स्वतः होता. आत बसवलं. हे माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, 'सर, तुम्ही मला शिकवलंत, म्हणून विचारतोय. तुम्ही वाजवा, नाहीतर आम्ही वाजवू. आमची भिंतीत लागत नसते.' मी तीन रात्री झोपलो नाही. पोलिसात गेलो असतो तर मी घरी पोचायच्या आत हिला... मला वाटलं, नुसता आवाज होईल. ती घाबरेल. मागं घेईल. जगेल. व्यंकटच्या चेहऱ्याला लागू नये म्हणून किनारीवर नेम धरला."

"तुम्हाला प्रश्न पडला नाही, त्याने आपलं पिस्तूल तुमच्याकडे का सोडलं?" पंचशीलाने विचारलं.

सरांनी मान वर केली.

"पोलिस म्हणाले, व्यंकटच्या अंगातली गोळी आणि भिंतीतली, एकाच मापाची. प्रयोगशाळा ताडून बघेल. दोन्ही याच नळीतून सुटल्या असाव्यात असं मला वाटतं. तसं निघालं, तर उद्या तुमच्या घराची झडती झाली असती. तुमच्या बोटांचे ठसे असलेलं पिस्तूल तुमच्याच पिशवीत सापडलं असतं. व्यंकटच्या खुनाला आरोपी मिळाला असता. मंडळाचा अध्यक्ष."

सरांनी आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहिलं, आणि धोतराला तो पुन्हा पुन्हा पुसू लागले. "माझ्याच हातात," ते म्हणाले, "व्यंकटला मारलेलं... माझ्याच हातात होतं."

गौरम्मा पदर तोंडात धरून रडू लागली.

अंगद भिंतीला टेकला. "मी जिन्यात फोनवर होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "शेषेरावच्याच माणसाचा होता. वहिनीला बसव म्हणत होता. मी हो म्हणालो. वहिनी, मी हो म्हणालो."

राजकन्या अजून गुडघ्यांवरच होती. तिने सरांकडे पाहिलं, मग दिराकडे.

"तुमाला दोघांनाबी माझ्या जिवाची भीती वाटली," ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून ठरवलं, हिला वाचवायचं. मला एकदा तरी विचारायचं हुतं. मी काय भीत न्हाई का? मालक गेल्यापासून दाराची कडी वाजली तरी मला मुतायला होतं. मला भेव दाखवायला गोळी कशाला पायजे हुती?"

ती सरांकडे वळली.

"सर, तुमी ठाण्यात जायचं. शनिवारपासनं सगळं सांगायचं. शेषेरावचं नाव घेऊन."

"ते मला मारतील, राजकन्या."

"मारतील," ती म्हणाली. "मलाबी मारतील. पण आता मी कुणासंगं बसलेय ते मला ठाऊक हाय."

खाली जीप थांबल्याचा आवाज आला. पंचशीलाने ज्यांना फोन केला होता ते निरीक्षक स्वतः वर आले. सरांनी उठून सदरा नीट केला. जिन्यापाशी ते थांबले, मागे वळले, राजकन्येला काहीतरी म्हणणार होते. तिने नको म्हणून मान हलवली. ते उतरून गेले.

*

अडीच वाजता नगरपंचायतीच्या आवारात गर्दी होती. शेषेरावची माणसं गुलालाची पोती घेऊन सावलीत बसली होती. बिनविरोधचा हार गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला. शेषेराव मात्र तिथे दिसत नव्हता. कुणीतरी म्हणालं, पोलिसांच्या दोन गाड्या त्याच्या मळ्याकडे गेल्या. कुणी म्हणालं, तो आधीच निसटला. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळे निवृत्तीला प्रत्येक माणसाच्या खिशाकडे बघावंसं वाटत होतं.

राजकन्या निवडणूक अधिकाऱ्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. एका बाजूला अंगद, दुसऱ्या बाजूला गौरम्मा. सिद्धराम दूर उभा होता. मग तोही येऊन बाकाच्या टोकाला बसला.

"ताई, सही करायची असेल तर आत या," एक कारकून दारात येऊन म्हणाला. "वीस मिनिटं राहिली."

राजकन्या जागची हलली नाही.

गुलालवाल्यांपैकी एक जण उठून बाकासमोर आला. नुसता उभा राहिला, राजकन्येकडे बघत. अंगदने त्याच्या नजरेला नजर दिली, पण त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. निवृत्तीला पळून गाडीत बसावंसं वाटलं. पाय तिकडे वळलेही होते. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो चार पावलं चालला आणि त्या माणसाच्या व बाकाच्या मधे जाऊन उभा राहिला. काय बोलावं ते सुचेना.

"ऊन लई हाय," तो म्हणाला. "सावलीत व्हा."

माणसाने त्याला खालीवर पाहिलं. थुंकला आणि परत गेला.

पंचशीला दाराला टेकून उभी होती. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण हाताच्या मुठी आवळलेल्या होत्या. इतक्या वर्षांत निवृत्तीने ते पहिल्यांदा पाहिलं.

तीन वाजले. आतून अधिकाऱ्याचा आवाज आला, "मुदत संपली. दार लावा." कारकुनाने दार लावलं. थोड्या वेळाने त्याने बाहेर येऊन फलकावर यादी डकवली. प्रभाग सहापुढे दोन नावं होती.

गुलालाची पोती उचलून कुणीतरी गाडीत फेकली.

राजकन्या उठली. कुणाशी न बोलता ती कार्यालयाच्या मागे नळाकडे गेली. तिथे वाकून ओकू लागली. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिली. गौरम्माने तिची पाठ धरली. निवृत्तीने तोंड दुसरीकडे फिरवलं.

बऱ्याच वेळाने तिने नळाखाली तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि केस सारखे केले. ती परत आली तेव्हा चेहरा पांढरा होता.

"भावजी," ती अंगदला म्हणाली, "कुठल्या गल्लीपासनं सुरू करायचं?"